टेबलावरचं टेबलावर

वत्सलामावशींबद्दल लिहा, असं मला आजवर दोनदा सांगण्यात आलं. पहिल्यांदा त्या युनिव्हर्सिटीतली नोकरी सोडून मेलबर्नला गेल्या तेव्हा, आमच्या ॲडलेडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. दुसऱ्यांदा त्या वारल्या तेव्हा, शोकसभेत वाचायला. दोन्ही वेळा मी पाठदुखीचं कारण सांगितलं. पाठ दुखते हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. मावशींबद्दल लिहायचं तर एका रविवारच्या फोनबद्दल लिहावं लागणार, आणि तो फोन वगळला तर मावशी अर्ध्याच उभ्या राहणार, हे मला ठाऊक होतं. आता मी ऐंशीला टेकलो आहे. आणखी टाळलं तर ते कायमचंच टळेल, ही धास्ती हल्ली सकाळी उठल्याबरोबर लागते.

त्यांचं पूर्ण नाव वत्सला शिंदे. मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याला ॲडलेडच्या उत्तरेला गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आल्या. तो अकाली गेला. चाळिशी उलटल्यावर त्यांनी इथेच सोशल वर्कची पदवी घेतली आणि आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक कॅम्पस आहे, तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी नोकरीला लागल्या. चरित्र म्हणून एवढं पुरे. बाकी तारखा मला माहीत नाहीत, आणि मावशींना स्वतःलाही सांगता आल्या नसत्या. त्यांना फक्त मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाठ असायच्या.

मावशी हे नाव मराठी मुलांनी दिलं, पण ते सगळ्यांनी उचललं. नेपाळी, श्रीलंकन, व्हिएतनामी, सुदानी, सगळ्यांच्या त्या मावशीच. सॅम्युएल नावाचा एक उंचच उंच सुदानी मुलगा होता. त्याला बरेच दिवस वाटायचं की हे त्यांचं आडनाव आहे. त्याने एकदा 'डिअर मिस मावशी' अशी सुरुवात करून ई-मेल पाठवली. मावशींनी ती छापून दाराला चिकटवली. "आता बदललं तर पोराला वाईट वाटेल," म्हणाल्या, आणि पुढे कॅम्पसवरच्या गोऱ्या मंडळींनाही त्या स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागल्या.

त्यांची खोली ग्रंथालयाच्या मागे होती. युनिव्हर्सिटीने ती रीतसर सजवून दिली होती: समोरासमोर दोन सोफे, मध्ये काचेची तिपाई, तिपाईवर टिश्यूंचा डबा. मावशींनी पहिल्या आठवड्यात दोन्ही सोफे कॉरिडॉरमध्ये ढकलले. मग कुणाच्या तरी दारासमोर 'हार्ड रबिश'मध्ये टाकून दिलेलं एक लांब जेवणाचं टेबल उचलून आणलं. त्याचा एक पाय जरा तोकडा होता. त्याखाली त्यांनी मानसशास्त्राचं एक जाड पुस्तक घातलं. "पहिल्यांदाच उपयोगी पडलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्या टेबलाला एकाच बाजूला खुर्च्या असायच्या, आणि टेबलावर भाजी. मेथी, कोथिंबीर, वाटाण्याच्या शेंगा, ज्या दिवशी जे मिळेल ते. मुलगा आत आला की मावशी 'काय झालं?' असं विचारत नसत. जुडी पुढे सरकवत आणि म्हणत, "निवड." मग दोघं शेजारी बसून निवडत राहायचे. बहुतेक मुलांनी जन्मात मेथी निवडलेली नसायची. पानं कचऱ्यात आणि देठ भांड्यात, असं चालायचं. मावशी ओरडायच्या, पोरं हसायची, आणि हसता हसता केव्हातरी बोलायला लागायची. घरमालक डिपॉझिट देत नाही. पेट्रोल पंपावरचा मालक ठरल्यापेक्षा कमी पगार देतो आणि व्हिसाची भीती घालतो. ट्यूटोरियलमध्ये ग्रुप करायला सांगितलं की माझ्याकडे कुणी बघत नाही. घरी सगळं छान आहे असं सांगून ठेवलंय.

"समोर बसवलं की पोरगं मुलाखत देतं," मावशी मला म्हणाल्या होत्या. "शेजारी बसवलं की बोलतं."

आणि एक नियम होता. मूल बोलून झालं, उठायला लागलं, की त्या हाताने टेबल पुसत आणि म्हणत, "टेबलावरचं टेबलावर." म्हणजे इथे जे बोललास ते या खोलीबाहेर जाणार नाही. मुलंही ते पुन्हा म्हणायची. सॅम्युएलचा उच्चार ऐकण्यासारखा होता.

एकदा त्यांच्या वरिष्ठ, हेलन नावाच्या बाई, तपासणीला आल्या. कॅम्पसवर अन्न हाताळायचे नियम असतात, परवानगी लागते वगैरे. मावशींनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि शेंगांची टोपली पुढे केली. "यू टॉक, हेलन. हँड्स आर फ्री, नो?" थोड्या वेळाने मी काही कामासाठी डोकावलो, तर हेलनबाई मान खाली घालून वाटाणे सोलत आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल सांगत होत्या. परवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मावशी गोड नव्हत्या. हे सांगायला हवं, कारण शोकसभेत सगळ्यांनी त्यांना गोड करून टाकलं. त्या वेळ पाळत नसत, गाडी भीती वाटावी अशी चालवत, पत्त्यांत उघड चोरी करत आणि पकडलं तर समोरच्यालाच दोष देत. मंडळाचं तर त्या काही शिल्लक ठेवत नसत. मी तेव्हा मंडळाचा अध्यक्ष होतो. आमच्यात बहुतेक पुण्या-मुंबईचे इंजिनियर, आयटीवाले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेऊन आलेले. विद्यार्थ्यांकडे आम्ही थोडं वरूनच बघायचो. गणपतीत मात्र हॉल लावायला त्यांना बोलवायचो.

"अहो देवधर," मावशी एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "तुमच्या मंडळात माझी मुलं खुर्च्या मांडतात. त्या खुर्च्यांवर बसताना त्यांतलं कुणी मला अजून दिसलं नाही."

"तसं काही नाही हो," मी म्हणालो.

"नसेलच. मला चष्मा लागलाय."

पुढच्या वर्षी पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांना दिल्या. मावशींनी आभार मानले नाहीत. तिसरी रांग का नाही, असं विचारलं.

सॅम्युएलची गोष्ट मी अर्धी ऐकलेली, अर्धी पाहिलेली आहे. ग्रंथालयाच्या दारावरचा एक सिक्युरिटीवाला संध्याकाळी त्याला रोज अडवायचा आणि कार्ड दाखव म्हणायचा. बाकीची मुलं शेजारून निघून जायची. सॅम्युएलला तक्रार करायची नव्हती. तक्रार केली की आपलं नाव कुठेतरी चिकटतं, ही भीती या मुलांच्या हाडात असते. मावशींनी तक्रार केली नाही. त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर ग्रंथालयाला जाऊ लागल्या. सिक्युरिटीवाल्याने त्याला थांबवलं की मावशीही थांबायच्या, पर्समध्ये हात घालून आपलं कार्ड शोधायच्या आणि म्हणायच्या, "माइन ऑल्सो, मेट. चेक प्रॉपरली." त्यांच्या मागे टेबलावरची मुलं. त्यांच्याही हातात कार्डं. "देम ऑल्सो. नो हरी." रांग दारापासून सायकल स्टँडपर्यंत जायची. गोरी मुलं काय चाललंय म्हणून बघायची आणि नकळत तीही कार्ड काढून उभी राहायची. आठवडाभरात त्या गृहस्थाने कार्ड मागणं सोडलं. एकदा तर मावशींना बघून त्यानेच दार उघडून धरलं. मावशी त्याला 'थँक यू, डार्लिंग' म्हणाल्या आणि मुलांना मराठीत म्हणाल्या, "बघा, कसा वळलाय."

आता ऋतुजाबद्दल.

ऋतुजा कराडची. मास्टर्सला आली होती. बोलायला हळू, अभ्यासात चांगली. कॅम्पसपासून लांब, स्वस्त म्हणून एका शेअर हाउसमध्ये राहायची आणि बसने यायची. एका दुपारी बसमध्ये दोघा-तिघांनी तिला तिच्या रंगावरून नको ते बोलून घेतलं आणि उतरता उतरता हातातला थंड पेयाचा ग्लास तिच्या अंगावर रिकामा केला. बसमध्ये माणसं होती. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर ऋतुजाला बसमध्ये चढता येईना. स्टॉपपर्यंत यायची, बस थांबायची, दार उघडायचं, आणि हिचे पाय उचलायचे नाहीत. ड्रायव्हर विचारपूस करायचा, 'यू राइट, लव्ह?' ती मान हलवायची आणि बस निघून जायची. लेक्चर्स बुडाली, लॅब बुडाली. मग खोलीबाहेर पडणंच थांबलं. घरी ती रोज व्हिडिओवर बोलायची, केस नीट विंचरून, पाठीमागे पुस्तकांचा ढीग दिसेल अशी बसून.

हे मावशींना कळायला मेथीच्या कितीतरी जुड्या लागल्या. एक नेपाळी मैत्रीण तिला स्वतःच्या गाडीतून टेबलापर्यंत आणायची. शेवटी मावशींनी रस्ता काढला. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर एक सेमिस्टर सुट्टी मिळते, व्हिसाला धोका नसतो. तेवढ्यात उपचार, आणि कॅम्पसजवळ, चालत जाता येईल असं राहायचं ठिकाण. फेब्रुवारीत पुन्हा सुरू. घरी मात्र इतक्यात सांगायचं नाही, कारण वडील परत बोलावणार आणि लग्न लावून टाकणार, याबद्दल ऋतुजाला खात्री होती.

राहायच्या ठिकाणासाठी मावशी माझ्याकडे आल्या. आमची मागची खोली रिकामी होती. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "देवधर, मी माझा नियम मोडतेय. तिला विचारून मोडतेय. तुम्ही दोघांनी तिला ठेवून घ्यायचं तर तुम्हाला माहीत असायला हवं." मग सगळं सांगितलं. माझी बायको नलिनी तिथल्या तिथे चादरी काढायला उठली.

"घरून फोन आला तर?" मी विचारलं.

"'तिलाच विचारा', एवढंच म्हणायचं. बाकी एक शब्द नाही. तिचं ती सांगेल. तिच्या तोंडून गेलं तर ती उभी राहील. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर ती गुन्हेगार ठरेल."

मी हो म्हणालो. टेबल नव्हतं, तरी मावशींनी आमच्या ओट्यावरून हात फिरवला.

ऋतुजा आली आणि हळूहळू सुधारली. नलिनीबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागली. एकदा दोघी ट्रेनने शहरात जाऊन आल्या. त्या संध्याकाळी पोरगी न बोलता दोन वेळा भात घेऊन जेवली.

मग त्या रविवारी फोन आला. नलिनी देवळात गेली होती, ऋतुजा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या वडिलांनी माझा नंबर मंडळाच्या वेबसाइटवरून मिळवला होता. मुलगी आमच्याकडे राहते हे त्यांना माहीत नव्हतं. तिच्या आवाजावरून काहीतरी बिनसलंय एवढंच त्यांना जाणवलं होतं.

"साहेब, आम्ही इतक्या लांब. तुम्ही तिथले वडीलधारे. बापाच्या जागी उभं राहून सांगा, माझी मुलगी बरी आहे ना?"

'तिलाच विचारा.' तीन-तीन अक्षरांचे दोन शब्द. मी ते म्हणालो नाही. आमच्या पिढीला हे एक वळण आहे. परक्या मुलखातली तरुण मुलं ही त्यांची स्वतःची नसून त्यांच्या आईबापांनी आपल्या ओटीत घातलेली असतात, असं आम्ही धरून चालतो. त्यात एक बाप फोनवर रडवेला झालेला. त्यात 'साहेब', 'वडीलधारे'. मला वाटलं, दोन बाप समजुतीने बोलतायत. मी सगळं सांगितलं. बस, डॉक्टर, बुडालेलं सेमिस्टर, सगळं. शेवटी म्हणालो, "माझं नाव मात्र घेऊ नका. युनिव्हर्सिटीतून कळलं म्हणा."

चांगलं करतो आहोत अशी खात्री असलेला माणूस नाव का लपवेल? हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

दुपारी ऋतुजाच्या खोलीतून फोनवरचा आवाज आला, मग आवाज थांबला. नलिनी चहाला बोलवायला गेली तर खोली रिकामी. फोन पलंगावरच होता.

मावशी त्यांची ती गाडी घेऊन आल्या. मी शेजारी बसलो. आमच्या भागात मोठं तळं आहे, कडेने चालायचा रस्ता. मावशींनी गाडी तळ्याकडे घेतली आणि मला कळलं, त्या काय शोधतायत. प्रत्येक बाकापाशी गाडी थांबवायची, उतरायचं, पाण्याकडे बघायचं. लोक बदकांना खायला घालत होते, मुलं स्कूटर चालवत होती. मावशी एका जॉगिंग करणाऱ्या बाईला थांबवून ऋतुजाचं वर्णन सांगायला लागल्या आणि मध्येच त्यांना ड्रेसचा रंग आठवेना. "निळा होता का हो? देवधर, निळा का?" त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

गाडीत परत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिला कुणाचा फोन आला होता?"

"घरचा असावा."

"त्यांना कसं कळलं? तुम्हाला कुणाचा फोन?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. मला वाटलं होतं की खोटं बोलायला काहीतरी जोर लावावा लागतो. लागला नाही.

ऋतुजा स्टेशनवर सापडली, ऊन उतरत असताना. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाकावर बसली होती. गॉलरकडून आलेली ट्रेन आमच्यासमोर थांबली, दारं उघडली, मिटली, गेली. ती हलली नव्हती. मावशी तिच्याकडे धावल्या असं म्हणता येणार नाही, त्यांचे गुडघे कधीच गेले होते, पण त्या ज्या चालीने गेल्या ती मला अजून दिसते. ऋतुजाने वर पाहिलं.

"मावशी, तुम्ही सांगितलंत. बाबा म्हणाले, युनिव्हर्सिटीतूनच कळलं."

मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी रुळांकडे बघत होतो. मग त्या ऋतुजाला म्हणाल्या, "माझ्याकडूनच बाहेर गेलं, बाळा. चूक माझी आहे. आता घरी चल. नलिनीताई जेवायला थांबल्यात."

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, याचा मी अनेक वर्षं विचार केला. मला वाचवायला, असं मला सुरुवातीला वाटायचं. माणूस स्वतःला किती महत्त्व देतो! आता वाटतं, कारण साधं होतं. त्या मुलीला त्या रात्री आमच्याच छपराखाली झोपायचं होतं. दुसरी जागा नव्हती. ते छप्परही मावशींना तिच्यावरून काढून घ्यायचं नव्हतं. त्याच्या बदल्यात त्यांनी आपलं टेबल दिलं.

ते खरोखरच गेलं. ऋतुजाचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. निघताना ती नलिनीच्या पाया पडली, माझ्याही पडली. मावशी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. मुलामुलांत बोललं गेलं की मावशी घरी कळवतात. मेथीच्या जुड्या टेबलावर सुकू लागल्या. सॅम्युएल तेवढा यायचा, पण तो आधीच पास झाला होता. मग चौकशी बसली. मंडळाचा प्रतिनिधी म्हणून मलाही बोलावलं. "तुमच्याकडून कुटुंबाशी संपर्क झाला होता का?" हेलनबाईंनी विचारलं. टेबलाच्या पलीकडे मावशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "नॉट टू माय नॉलेज." मावशी आपल्या नखांकडे बघत राहिल्या. विद्यार्थिनीची माहिती आपण बाहेर सांगितल्याचं त्यांनी कबूल केलं. कुणाला, ते सांगायला नकार दिला. ऋतुजाच्या संमतीने सांगितल्याचंही त्या बोलल्या नाहीत, कारण तसं म्हटलं असतं तर ऋतुजाला कराडहून जबाब द्यावा लागला असता.

त्यांना काढलं नाही. ती खोली मात्र काढून घेतली. आता मदत हवी असलेल्या मुलाने ॲपवर वेळ घ्यायची असते. वर्षभराने मावशी नोकरी सोडून मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागात बहिणीकडे राहायला गेल्या.

नलिनीला संशय होता. एकदा पोळ्या करताना म्हणाली, "तुम्ही बोललात ना त्यांच्याशी?" मी पेपर वाचत राहिलो. तिने परत विचारलं नाही, आणि ते विचारण्यापेक्षा जास्त होतं.

ऋतुजा, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. तुझ्या वडिलांना मी सांगितलं. मावशींनी नाही.

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते मेलबर्नला मुलाकडे गेलो होतो तेव्हा. खरं तर मुलाकडे जाणं हे निमित्त होतं. वाक्य तयार करून गेलो होतो. बहिणीचा पत्ता मिळवला होता, पण त्याची गरज पडली नाही. फॉस्टर स्ट्रीटवर, साड्यांच्या एका दुकानाबाहेरच्या बस स्टॉपवर त्या उभ्या होत्या. हातात काठी, गळ्यात कुठल्यातरी फूटी, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, क्लबचा जाड मफलर.

"अहो देवधर! इकडे कुठे?"

"मुलाकडे आलोय."

"पाठ कशी आहे? नलिनीताई?"

दोन्हीबद्दल मी सांगितलं. मग त्याच म्हणाल्या, "ऋतुजा पुण्याला नोकरी करते म्हणे आता. कुणीतरी सांगितलं. बसने जाते का, ते मात्र त्याला माहीत नव्हतं." जरा हसल्या. "मी तिला दर वाढदिवसाला मेसेज टाकते. पोहोचत नाही. ब्लॉक केलंय मला. करू दे, पण मी टाकते."

रस्त्यापलीकडे एक माणूस टेम्पोतून तांदळाची पोती उतरवत होता, ते आम्ही दोघं बघत राहिलो. मावशींनी मला पुरेसा वेळ दिला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण संधी मिळाली नाही असं मला कधी म्हणता येऊ नये.

"बोला," त्या म्हणाल्या.

"इकडे थंडी फारच आहे, नाही?" मी म्हणालो.

"मेलबर्न आहे, देवधर. असायचीच."

बस आली. चढताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं. आत जाऊन बसल्या, खिडकीतून हात केला, आणि लगेच शेजारच्या बाईशी बोलायला लागल्या. बस सिग्नल ओलांडून वळली. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य नीट, एकही शब्द न अडखळता बाहेर पडलं. "मावशी, मी सांगितलं, मी खोटं बोललो आणि तुम्हाला भोगू दिलं, मला क्षमा करा."